.३५ व्हेलनमध्ये एल्कसाठी तांब्याची गोळी : सोळा इंची पीळ असलेली नळी साथ देईल का?

फोर्टकॉलिन्सकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोलोरॅडोत स्थायिक आहे आणि काही हंगामांपासून .३०-०६ रायफलने परवान्यावर हरीण व एल्क (मोठ्या अंगाचे अमेरिकी हरीण) यांची शिकार करतो. त्या रायफलची काडतुसे मी स्वतःच भरतो, त्यामुळे प्रेस, डाय (काडतुसाच्या पितळी कवचाला, म्हणजे पुंगळीला, आकार देणारा साचा), तराजू यांची प्राथमिक माहिती मला आहे. या वर्षी शेजारच्या एका वयोवृद्ध शिकारी गृहस्थांनी आपली रेमिंग्टन ७०० क्लासिक मला विकली आणि दुकानामार्फत रीतसर तपासणी होऊन ती माझ्या ताब्यात आली. ती .३५ व्हेलन कॅलिबरची, १९८८ सालची आहे आणि तिच्या नळीतील, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ सोळा इंचांत एक फेरा इतका मंद आहे. रायफलसोबत त्यांनी डायचा संच, शिशाच्या गाभ्याच्या २५० ग्रेन (गोळी-पावडर तोलण्याचे लहान एकक) वजनाच्या गोळ्या आणि .३०-०६ च्या पितळी पुंगळ्यांचा गळा रुंदावून तयार केलेली एक पिशवीही दिली.

आमच्या घरी वर्षभर एल्कचेच मांस शिजते आणि ते खाणाऱ्यांत दोन लहान मुले आहेत, म्हणून शिसे टाळून अखंड तांब्याची गोळी वापरावी असे माझ्या मनात आहे. परंतु त्याच वजनाची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि लांब गोळीला अधिक वेगाने फिरवावे लागते, हे वाचल्यापासून मी अडलो आहे. सोळा इंची पिळात कोणत्या वजनापर्यंत जावे? पिशवीतल्या पुंगळ्या वापराव्यात की नव्या घ्याव्यात? आणि या काडतुसाकडून वेगाची कितपत अपेक्षा ठेवावी? ज्यांनी हे काडतूस प्रत्यक्ष भरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बिटररूट यांचे उत्तर

आपल्या तीन प्रश्नांपैकी पुंगळ्यांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तोच घेतो.

.३५ व्हेलन हे १९२२ साली .३०-०६ चा गळा रुंदावून तयार झालेले काडतूस आहे. पासष्टएक वर्षे ते हौशी बंदूक-कारागिरांपुरतेच राहिले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेमिंग्टनने ते प्रमाणित करून कारखान्यातून विकायला काढले. गळा .३५८ इंची गोळीइतका रुंद झाला, पण खांद्याचा (गळ्याखाली पुंगळी रुंद होते त्या उताराचा) कोन साडेसतरा अंशांचाच राहिला आणि पुंगळीचा खांद्यापाशी व्यासही तोच .४४१ इंच राहिला. त्यामुळे ज्यावर पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या पोकळीत) टेकते तो खांदा मूळ .३०-०६ च्या तुलनेत जेमतेम निम्मा उरला. एका बाजूला मोजला तर तो पाऊण मिलिमीटरही भरत नाही. कारखान्यातील काडतुसे व चेंबर मापात असतील तर एवढा खांदा पुरतो. घरी भरताना मात्र डाय गरजेपेक्षा अर्धा फेरा जास्त खाली आला की खांदा मागे ढकलला जातो, फायरिंग पिनचा आघात झाल्यावर पुंगळी पुढे सरकते, आणि मग एक तर प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) पेटत नाही किंवा पेटल्यावर पुंगळी बुडापाशी ताणली जाते. दोन-चार वेळा भरून झाल्यावर अशा पुंगळीच्या बुडाच्या थोडे वर चकाकणारी एक वर्तुळाकार रेघ दिसू लागते, आणि ती दिसली की पुंगळी तिथेच टाकून द्यावी. रेघ दिसण्याआधीच संशय आला तर तारेचे टोक वाकवून पुंगळीच्या आतून भिंतीवर फिरवावे. खाच असेल तर तार तिथे अडते.

यासाठी डायचे कागदावरचे निर्देश बाजूला ठेवा आणि तुमच्या रायफलमध्ये एकदा उडालेल्या पुंगळीवरून खांद्याचे माप घ्या. डाय असा बसवा की खांदा त्या मापापेक्षा फक्त एक-दोन हजारांश इंच मागे जाईल. .३०-०६ पासून पुंगळी करायचीच असेल तर जुन्या मंडळींची रीत उत्तम आहे : गळा आधी .३७५ इंचांपर्यंत रुंदावायचा, मग व्हेलनच्या डायमध्ये थोडा थोडा खाली आणत बोल्ट किंचित विरोधासह बंद होईपर्यंत थांबायचे. तेवढ्याने एक नवा खांदा तयार होतो आणि पहिल्याच उडवणीत पुंगळी तुमच्या चेंबरच्या आकाराची होते. गळा रुंदावताना आतून वंगण लावायला विसरू नये, नाहीतर गळा एका बाजूला कलतो. रुंदावण्यात पुंगळी थोडी आखूडही होते, त्यामुळे सर्व पुंगळ्या एका लांबीला कापून घ्याव्यात. कमाल लांबी .३०-०६ चीच, म्हणजे २.४९४ इंच आहे.

असे असूनही, आपल्या पिशवीतल्या पुंगळ्या वापरू नका असेच मी सांगेन. त्या किती वेळा भरल्या गेल्या, कोणत्या चेंबरमध्ये उडाल्या, याची नोंद आपल्याकडे नाही. शिवाय त्यांच्या बुडावर .३०-०६ चा शिक्का आहे आणि आपल्या घरात .३०-०६ ची रायफलही आहे. व्हेलनचे काडतूस .३०-०६ मध्ये जाणार नाही, कारण त्याचा गळा जाड आहे; परंतु .३०-०६ चे काडतूस व्हेलनच्या चेंबरमध्ये विनाअडथळा जाते, आणि त्याची .३०८ इंची गोळी .३५८ इंची नळीतून लक्ष्यहीन भरकटते. व्हेलनच्या शिक्क्याच्या नव्या पुंगळ्या बाजारात मिळतात. त्या घ्याव्यात आणि दोन्ही कॅलिबरांचे डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवावेत.

आता पीळ. वुलविचचे गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेला आडाखा अजून उपयोगी पडतो : गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि पिळाने भागावे. व्यास .३५८ व पीळ सोळा धरला तर गोळीची लांबी १.२० इंच येते. हा आडाखा शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी आहे. शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची सुमारे ८.९ असल्यामुळे अखंड तांब्याच्या गोळीसाठी त्यातून दहाएक टक्के वजा करावे लागतात, म्हणजे १.०८ इंच उरतात. हे गणित मुळात सावध आहे, त्याहून काहीशी लांब गोळीही बहुधा नीट उडते, आणि कोलोरॅडोत नऊ हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश इतकीच दाट असल्यामुळे आपल्याला आणखी सवलत मिळते. तरीही २२५ ग्रेन तांब्याच्या गोळीमागे मी या नळीत लागणार नाही. बार्न्स कंपनीची .३५८ इंची टीटीएसएक्स ही तांब्याची गोळी १८० आणि २०० ग्रेनांत मिळते. मी २०० ग्रेनपासून सुरुवात करेन आणि ती नीट बसली नाही तर १८० वर उतरेन. निर्णय कागदी लक्ष्याने करावा. शंभर आणि दोनशे यार्डांवर छिद्रे स्वच्छ गोल असली पाहिजेत. एखादे जरी लांबट दिसले तर ती गोळी तिरपी जात आहे, आणि तिरपी लागलेली गोळी प्राण्याच्या अंगात सरळ रेषेत शिरेल याचा भरवसा नाही.

तांब्याबाबत आणखी दोन गोष्टी. लांबीमुळे ती पुंगळीतली अधिक जागा खाते, म्हणून त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीसाठी छापलेले पावडरचे माप तिला कधीही वापरू नये. गोळी बनवणाऱ्याने त्याच गोळीसाठी दिलेले माप घ्यावे, सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरू करावे आणि एकेक पायरी वर जावे. मी येथे पावडरचे वजन मुद्दामच लिहीत नाही. दुसऱ्याच्या रायफलचे वजन तिसऱ्याने उचलावे हे मला मान्य नाही. दुसरे असे की तांब्याच्या गोळीला नळीच्या आट्यांपासून अंतर आवडते. बार्न्स किमान .०५० इंच अंतर सुचवतात आणि माझा अनुभव त्याला पुष्टी देतो. त्याहून जवळ बसवल्यास दाब वाढतो आणि अचूकता मात्र बहुधा घटते.

फेअरबँक्सवासी यांचे उत्तर

बिटररूट यांनी पुंगळ्यांविषयी लिहिलेला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. गोळीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे.

आमच्याकडे अलास्कात मूस (हरणाच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी) असतो आणि मोठा नर सहाशे-सातशे किलोंपर्यंत भरतो. जॉन नॉस्लर १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले असताना चिखलाने माखलेल्या नराच्या खांद्यावर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या आणि आत पोचल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मध्ये पडदा असलेली गोळी घडवली : पुढचा अर्धा भाग पसरतो, मागचा अर्धा अखंड राहून आत जातो. १९४८ पासून ती पार्टिशन या नावाने विकली जाते आणि .३५ व्हेलनसाठी २२५ व २५० ग्रेनांत मिळते. सोळा इंची पीळ मुळात अशाच शिशाच्या गाभ्याच्या, आखूड, जाड गोळ्यांसाठी ठेवला होता. ज्या नळीला जे मानवते तेच तिला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रेमिंग्टनचे कारखान्यातील २५० ग्रेनचे काडतूस सेकंदाला २,४०० फूट वेगाचे होते. आजच्या पावडरींनी आणि छापील मापांतच राहून त्याहून थोडे वर जाता येते, आणि दोनशे यार्डांच्या आत मूस किंवा एल्कला त्याहून अधिक काही लागत नाही.

हवेच्या घनतेचा मुद्दा उलट बाजूनेही पाहावा. आमचे गाव समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, आणि उणे वीस अंशांत येथील हवा आपल्या एल्कच्या डोंगरावरील हवेच्या साधारण दीडपट दाट असते. जी तांब्याची गोळी कोलोरॅडोत कशीबशी स्थिर राहते, ती येथे हिवाळी कॅरिबूवर (रानटी रेनडिअरवर) झाडताना डगमगेल. आपण कधी येथे येणार असाल तर ही गोष्ट ध्यानात ठेवून माप पुन्हा तपासावे.

पावडर निवडताना तापमानाचा विचार नक्की करावा. लांबट कणांच्या, ऑस्ट्रेलियात मुलवाला येथे बनणाऱ्या एच४८९५ आणि व्हार्गेट या पावडरी थंडी-उन्हात कमी बदलतात, आणि दोन्ही या काडतुसाच्या पुंगळीला योग्य आहेत. गोलसर कणांच्या काही पावडरी मापायला सोप्या आणि वेगाला बऱ्या असतात, पण जुलैच्या उन्हात गाडीत तापलेले काडतूस आणि नोव्हेंबरच्या पहाटेचे काडतूस यांत त्यांचा फरक जाणवतो. कमाल मापावर हिवाळ्यात तयार केलेला भार (पावडर, गोळी व प्रायमर यांचा मेळ) उन्हाळ्यात धोक्याची रेषा ओलांडू शकतो. म्हणून भार ज्या ऋतूत बांधला त्याची नोंद वहीत करावी. प्रायमर बदलला तरी भार खाली आणून पुन्हा वर चढावे, मग तो फक्त साध्याऐवजी मॅग्नम का असेना.

श्वार्त्सवाल्डवासिनी यांचे उत्तर

फोर्टकॉलिन्सकर यांनी मुलांचा उल्लेख केला आहे आणि माझ्या दृष्टीने या चर्चेचा निर्णय तिथेच होतो. मी जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये शिकारीची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवान्यावर शिकार करते. आमच्या राज्यात हरीण, रानडुक्कर अशा खुरांच्या प्राण्यांवर शिशाची गोळी वापरण्यास मनाईच आहे. जर्मनीच्या संघीय जोखीम-मूल्यांकन संस्थेचा सल्ला असा आहे की सात वर्षांखालील मुलांनी, गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या प्राण्याचे मांस खाऊ नये. शिशाचे सूक्ष्म कण जखमेपासून बरेच दूरवर पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. २००८ साली अमेरिकेतच नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसाच्या क्ष-किरण तपासणीत असे कण आढळले होते आणि ते मांस अन्नछत्रांतून मागे घेण्यात आले. पार्टिशन गोळीबद्दल मला आदर आहे, परंतु तिचा पुढचा अर्धा भाग पसरताना शिसे सोडतोच; त्यामुळे फेअरबँक्सवासी यांचा सल्ला भेदकतेच्या दृष्टीने कितीही बरोबर असला तरी या घरासाठी मी तो स्वीकारणार नाही.

कॅलिफोर्नियातही १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही. तिथे कारण कॉन्डॉर गिधाडांचे होते. १९८२ मध्ये त्या जातीचे अवघे २२ पक्षी उरले होते, आणि शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतले शिसे पोटात जाऊन ते मरत होते. भारतातल्या गिधाडांची वाताहत डायक्लोफेनॅक या जनावरांच्या औषधाने झाली. कारण वेगळे असले तरी मेलेल्या प्राण्यावर जगणाऱ्या पक्ष्याच्या पोटात माणसाने ठेवलेले विष जाते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती मला फार अस्वस्थ करते.

मी स्वतः ९.३×६२ वापरते. बर्लिनचे बंदूक-कारागीर ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये हे काडतूस आणले. साध्या माउझर ९८ रायफलमध्ये बसेल आणि आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतील शेतकऱ्याला परवडेल, असे ते होते. व्हेलनचे ते थोडे थोरले भावंड म्हणता येईल. त्यातही मी पूर्वीच्या २८६ ग्रेनऐवजी हलक्या तांब्याच्या गोळीवर आले आहे आणि रानडुकरावर मला काहीही उणे वाटलेले नाही. तांब्याची गोळी वजन टिकवून ठेवते, म्हणून शिशाच्या गोळीपेक्षा एक पायरी हलकी घेतली तरी ती तितकीच खोल जाते. तिला एकच अट आहे : पसरण्यासाठी पुरेसा वेग लागतो. बहुतेक गोळ्यांसाठी हा आकडा सेकंदाला १,८०० ते २,००० फुटांच्या दरम्यान असतो आणि तो निर्मात्याकडून अचूक कळतो. आपली २०० ग्रेनची गोळी २,७०० फूट वेगाने निघाली तर तीनशे यार्डांच्या आसपास ती या रेषेजवळ येईल. म्हणून आपली स्वतःची मर्यादा अडीचशे यार्ड ठरवावी आणि समोर कितीही देखणा नर उभा असला तरी ती पाळावी.

आमच्याकडे घरी काडतुसे भरण्यासाठी स्फोटक पदार्थ कायद्याच्या कलम २७ खाली वेगळा परवाना लागतो आणि त्यासाठी अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते. तो अभ्यासक्रम मला कंटाळवाणा वाटला नाही. दाब कसा चढतो आणि कशाने चढतो हे मी तिथे शिकले, आणि अमेरिकेतल्या मराठी मित्रांनीही असा एखादा वर्ग शोधून करावा असे मला मनापासून वाटते.

फोर्टकॉलिन्सकर यांचा उपप्रश्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलांच्या कारणाने मी तांब्याच्याच गोळीवर राहीन आणि पुंगळ्या नव्या घेईन. दोन शंका उरल्या आहेत. वर चढताना दाब जास्त होतो आहे हे नेमके कशावरून ओळखावे? आणि माझा एक सहकारी एच-वन-बी व्हिसावर असून त्याला माझ्यासोबत शिकारीला यायचे आहे. त्याला मी भरलेली काही काडतुसे द्यावीत का?

बिटररूट यांचे उत्तर

चपटा झालेला प्रायमर, बुडावर उमटलेली चकाकती खूण, जड जाणारा बोल्ट, ही लक्षणे सगळेच सांगतात; पण ती उशिरा दिसतात आणि बोल्ट जड झाला तेव्हा आपण मर्यादेच्या पलीकडे गेलेलो असतो. या काडतुसाची प्रमाणित कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ६२,००० पौंड आहे आणि घरी ती मोजण्याचे साधन आपल्याकडे नाही. वेग मात्र क्रोनोग्राफने मोजता येतो. पुस्तकात कमाल मापाला जो वेग दिला आहे तो आपल्या रायफलने आधीच गाठला, तर दाबही आधीच गाठला गेला आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे, मग पुस्तकात अजून दोन पायऱ्या शिल्लक का असेनात. नळीच्या लांबीचा फरक तेवढा हिशेबात धरावा. कोलोरॅडोचा एल्कसाठीचा नियम किमान ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा एवढाच आहे. आपली २०० ग्रेनची गोळी मध्यम भारावरही त्याच्या अडीचपटीच्या आसपास राहते, त्यामुळे शेवटचे पन्नास फूट वेग मिळवण्यासाठी काही पणाला लावण्याची गरज नाही.

सहकाऱ्याबाबत फार काळजीपूर्वक वागावे. बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक तसेच काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे, पण तो परवाना हातात येण्यापूर्वी त्याच्याकडे एकही काडतूस देऊ नये. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. आणि काडतुसे द्यायचीच असतील तर तीही त्याच्या रायफलमध्ये तपासलेली असावीत. पैसे तर घेऊच नयेत, कारण स्वतःसाठी भरायला परवाना लागत नसला तरी विक्रीसाठी बनवायला संघीय परवाना लागतो. सर्वांत बरे म्हणजे पहिल्या हंगामात त्याने दुकानातून कारखान्याची काडतुसे घ्यावीत.

फेअरबँक्सवासी यांचे उत्तर

याच अनुषंगाने सांगतो. अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नसलेल्या परदेशी व्यक्तीला अलास्कात कोणत्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी नोंदणीकृत मार्गदर्शक घ्यावाच लागतो. विमानाने येताना पावडर आणि प्रायमर सामानातून आणता येत नाहीत. तयार काडतुसे मात्र मजबूत डब्यात, ताब्यात दिलेल्या सामानातून, बहुतेक विमान कंपन्यांच्या नियमानुसार माणशी पाच किलोंपर्यंत आणता येतात. आणि डब्यावरचे नाव व पुंगळीवरचा शिक्का रायफलच्या कॅलिबरशी जुळला तर तपासणीत कुणी अडवत नाही. नव्या पुंगळ्या घेण्याचे हे आणखी एक कारण.

पुण्याचा नेमबाज यांचे उत्तर

भारतातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. येथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. आमच्याकडे शस्त्र परवानाही सहज मिळत नाही आणि काडतुसांच्या संख्येवरही मर्यादा असते. तेव्हा वरील चर्चा त्या-त्या देशाच्या कायद्यापुरतीच वाचावी.

फोर्टकॉलिन्सकर यांना माझा एक प्रश्न आहे : २०० ग्रेनची गोळी कागदावर कशी बसते ते दोन्ही अंतरांच्या छिद्रांच्या छायाचित्रांसह येथे टाकाल का? सोळा इंची पिळाच्या या जुन्या नळ्यांबद्दल अंदाज पुष्कळ वाचायला मिळतात, मोजमापे फार थोडी.

फोर्टकॉलिन्सकर यांचे उत्तर

नक्की टाकेन. १८० आणि २०० ग्रेन, दोन्हींचे प्रत्येकी एक खोके मागवले आहे आणि पुंगळ्या .३५ व्हेलनच्याच शिक्क्याच्या घेतल्या आहेत. प्रत्येक भारासोबत तापमान, मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि क्रोनोग्राफचा वेग लिहीन, म्हणजे फेअरबँक्सवासी यांना त्यांच्या हवेसाठी हिशेब मांडता येईल.